मधल्या मापाची सायकल

यशवंत गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही. मी ते वाचलं. गावाहून आलेली एसटी सकाळी परळला सोडते. तिथून नव्या तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून मी लालबागला त्याच्या बिल्डिंगकडे चालत निघालो, कारण तांदूळ त्याच्यासाठी आणलेला आणि त्याच्याकडून सायकल घ्यायची होती. गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागलेला. आपल्याकडे वाढदिवस असो नाहीतर मयत, फ्लेक्स लागतोच, म्हणून मी वर बघितलंच नाही. मग सायकल दिसली. आमची सायकल. मागे भाऊच्या धक्क्याचं पाणी, बाजूला यशवंत उभा, डोक्याला माकडटोपी, दात काढून हसतोय. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ‘ज्येष्ठ सायकलप्रेमी’. आणि हँडलवर दोन हात. एक त्याचा. दुसरा मनगटाच्या वर कापलेला, अंगठ्याला नख नसलेला. ते नख माझं मिलमध्ये गेलं. फोटोत आम्ही दोघं होतो. फ्लेक्सवाल्यानं मला कापला, पण हात हँडलवर होता, तो कापला तर सायकल तुटली असती. म्हणून हात तेवढा ठेवला.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, “चार दिन हो गये चाचा. संडे को गये.” म्हणजे अंत्ययात्रा झाली होती, चैत्यभूमीजवळच्या स्मशानात सगळं उरकलं होतं, आणि मी तेव्हा गावाला भिजलेलं भात उन्हात पसरत बसलो होतो. वर गेलो. त्याचा मुलगा मिलिंद म्हणाला, “काका, तुमचा नंबर बाबांच्या फोनमध्येच होता. आणि फोनला लॉक होतं.” आता याला काय बोलणार? चाळीस वर्षांच्या वर ओळख, आणि ती एका फोनमध्ये कुलूप लावून ठेवलेली.  तांदळाची पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि खाली उतरलो. लिफ्टनं नाही, जिन्यानं.

मी चौथी पास. पेपरच्या पुरवणीत वारलेल्या माणसांवर लिहून येतं ते मी दर रविवारी वाचतो. मोठ्या माणसांवर मोठी माणसं लिहितात. यशवंतवर कोण लिहिणार होतं? फ्लेक्सवाला लिहून मोकळा झाला, सायकलप्रेमी म्हणून. यशवंतला सायकलीचं प्रेमबिम काही नव्हतं. त्याला एका ठिकाणी जायचं होतं. ते कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितोय. शुद्धलेखन तुम्ही बघा, वाक्यं माझी मला ठेवा.

आमची ओळख पाळी बदलण्याची. एकाच मिलमध्ये, एकाच साच्यांवर, तो पहिल्या पाळीला आणि मी दुसऱ्या. साचे म्हणजे कापड विणायचे माग. भोंगा झाला की तो उतरायचा, मी चढायचो, मध्ये जो वेळ मिळेल तेवढंच बोलणं. असं कित्येक वर्षं. त्याचा चेहरा मी नीट बघितला तो मिल बंद पडल्यावर. त्याच्या बापाच्या वेळी त्याच्या समाजाच्या माणसाला विणकामात घेत नव्हते, कारण आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून सूत तोंडानं ओढून काढायला लागायचं, आणि त्यांच्या तोंडचा धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. आमच्या वेळी घेत होते, तरी काही शहाणे त्याच्या मागून आले की धोटा पुसून घ्यायचे. मी पुसला नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. पुसला असता तर यशवंतनं माझं तोंड फोडलं असतं. माणूस बुटका, पण हात जड. पण एक सांगतो, पाळी सोडताना साचा झाडून, तेल देऊन, तुटलेलं सूत जोडून दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे त्याच्याइतकं नेमानं कोणी केलं नाही. मला येऊन फक्त दांडा ओढायला लागायचा. मीही मग तसाच द्यायला लागलो. दिला नाही तर दुसऱ्या दिवशी ऐकायला लागायचं, “लंब्या, साचा ठेवलायस का उकिरडा?”

मिल गेली. तो माझगावला एका गोडाऊनवर लागला, मी गिरगावात एका बिल्डिंगवर दिवसपाळीचा वॉचमन. म्हातारपण आलं तरी काम सुटलं नाही, कारण घरी बसून करणार काय. बसच्या रांगेत दोघांचे गुडघे जायला लागले तेव्हा सायकलीचा विषय निघाला. विषय त्याचा. त्याचं म्हणणं, सायकल अशी पाहिजे की रोज कामावर जाता आलं पाहिजे, थंडीत पहाटे काढली तरी दगा द्यायला नको, आणि मागे दोन पिशव्या बांधून गावाला नेता आली पाहिजे. मी म्हटलं, अशी सायकल आहे, काळी, मोठ्या चाकांची, दूधवाल्याची असते ती. तो म्हणाला, “ती चढावर तूच ओढ, आणि मला पण कॅरिअरवर बसव.” मग दुसरा मुद्दा निघाला, की दोन सायकली घेऊन ठेवायच्या कुठे? माझ्या डिलाईल रोडच्या चाळीत पॅसेजमध्ये एक जेमतेम मावते. त्याची लालबागची चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. तेव्हा तो म्हणाला, “एकच घेऊ. एक आठवडा तुझा, एक माझा. दोघांचे साचे एक होते, तर सायकल का नको?”

लोक हसले. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्या वेळी एका वळकटीवर पाळीपाळीनं माणसं झोपायची, आणि कोणाची झोप कमी पडली नाही.

दादरला एका मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत एसी, सायकली भिंतीवर टांगलेल्या. पोरगा आला, दाढी कोरलेली, म्हणाला, “अंकल, यूज काय आहे? ऑफिस, फिटनेस, टूरिंग?”

यशवंत म्हणाला, “सगळं.”

“एका सायकलमध्ये सगळं नाही मिळत अंकल.”

“एका खोलीत बारा माणसं राह्यलोय आम्ही. तू दाखव तर.”

त्यानं एक दाखवली, टायर माझ्या अंगठ्याएवढे आणि हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. यशवंत म्हणाला, ही लालबागच्या एका खड्ड्यात गेली तर पुढच्या खड्ड्यातून निघेल. मग दुसरी दाखवली, ट्रॅक्टरसारखे टायर, पुढे स्प्रिंगा. मी म्हटलं, यावर बसून माणूस पुढे जाणार की वर-खाली होणार? पोरगा हसला, वैतागला नाही, हे त्याचं चांगलं. शेवटी एक निघाली. लोखंडी फ्रेम, सरळ हँडल, टायर ना जाड ना बारीक, गिअर मोजकेच. यशवंतनं खाली बसून मागच्या चाकापाशी बोटं फिरवली आणि विचारलं, “कॅरिअर बसवायला भोकं आहेत ना? मडगार्डला?” होती. आजकालच्या सायकलींना मडगार्ड नसतं, चिखल पाठीवर घेऊन फिरायचं, ही काय फॅशन आहे मला कळलेली नाही. ब्रेक चकतीवाले घेतले, कारण पहाटे दवानं रीम ओली झाली की रबराचे ब्रेक नुसते सरकतात. हा हट्ट माझा. त्यानं तो मानला, आणि पुढे चारचौघांत स्वतःचा म्हणून सांगत फिरला.

मग पोरानं टेप काढली आणि दोघांचे पाय मापले. म्हणाला, “फ्रेमला साइज असते अंकल. या अंकलना स्मॉल लागेल, तुम्हाला लार्ज.” तिथे आमची जुंपली. मी म्हटलं, बुटका माणूस मोठी सायकल चालवू शकतो, लहानपणी सगळ्यांनीच दांड्याखालून पाय घालून चालवलीय. यशवंत म्हणाला, उंच माणसाला गुडघे दुमडता येतात, बुटक्यानं पाय लांब कुठून करायचे? कोणीच सोडेना. शेवटी मधली घेतली. मधली म्हणजे दोघांनाही चुकीची. पोरगा सांगत होता, असं करू नका, कंबर जाईल. आम्ही ऐकलं नाही. पैसे निम्मे निम्मे दिले आणि हार घालून बाहेर काढली. आजतागायत माझे गुडघे हँडलला लागतात आणि त्याची पाठ हँडल गाठायला ताणलेली असायची. पण कुरकुर केली तर दुसरा जिंकला असं झालं असतं, म्हणून दोघांनी कधी केली नाही.

एक सोय होती. सीट वरखाली करता यायची, खटका उघडून. यशवंतनं सीटच्या दांड्यावर कानशीनं दोन खुणा केल्या, एक माझी, उंच सीटची, एक त्याची, खालच्या सीटची. आणि नेम घातला. रविवारी पाळी बदलायची, आणि सायकल देणाऱ्यानं चेन पुसून, हवा भरून, सीट दुसऱ्याच्या खुणेवर करून द्यायची. घेणाऱ्यानं फक्त टांग टाकायची. कोणी आजारी असो, बाहेरगावी असो, रविवार आला की सीट फिरवायचीच. असं त्याचं. मिलचं वारं अंगातून गेलं नव्हतं.

आता कुठे जायचं होतं ते सांगतो. त्याचं गाव महाडच्या अलीकडे. धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरायचं, रोहा, माणगाव करत पुढे. एका सायकलीवर दोघं कसे जाणार, असं सगळ्यांनी विचारलं. पाळीनं. तो चालवणार तेव्हा मी सामान घेऊन एसटीनं पुढे जाऊन थांबणार, मग मी सायकलवर आणि तो एसटीत. पण शेवटचा टप्पा त्याचा, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या गावात वरच्या आळीतून रस्ता जातो. तिथून जाताना त्याचा बाप वहाणा काढून हातात घ्यायचा. यशवंतनं ते लहानपणी बघितलेलं, बापाच्या मागे चालत. मला म्हणाला, “गाडीतून गेलो तर कोणाला दिसत पण नाही कोण गेलं ते. सायकलवर माणूस दिसतो. पायात बूट घालून, घंटी वाजवत, सावकाश जायचंय मला. एकदा.” एवढंच. बाकी कामावर जाणं, पहाटेचं फिरणं, ती सगळी त्याची तयारी.

थंडीतच जायचं, हेही ठरलेलं. मुंबईच्या थंडीला गावचा माणूस थंडी म्हणणार नाही, पण आमच्या छातीत मिलचा कापूस बसलेला, आम्हाला ती पुरे होते. घाटाकडची त्याहून कडक. म्हणून एका जानेवारीत सवय करायला आम्ही पहिल्या लाँचनं रेवसला गेलो. धक्क्यावर एका मुलीनं त्याच्या फोनवर आमचा फोटो काढला, त्यानं तो लगेच मिलिंदला पाठवला, तोच हा, फ्लेक्सवरचा. पलीकडे उतरलो तर रस्ता दवानं काळा झालेला, बाजूच्या शेतांवर धुकं. तो चालवत निघाला, मी रिक्षानं पुढे किहीमच्या फाट्यावर जाऊन चहाच्या टपरीवर बसलो. बराच वेळ झाला तरी येईना. मला वाटलं पडला कुठेतरी. मग घंटी ऐकू आली. धुक्यातून माकडटोपी आली, नाकातून पाणी, खोकतोय, आणि रस्त्यात कुत्रंसुद्धा नसताना घंटी वाजवतोय. मी म्हटलं, “कोणासाठी वाजवतोस रे?” तर म्हणाला, “हात बसवतोय.” उतरला, आधी खटका उघडून सीट माझ्या खुणेवर घेतली, आणि मग चहाला हात लावला.

त्यानंतर खरं म्हणजे निघायलाच पाहिजे होतं. पण त्याला घरच्यांनी कधी सोडला नाही, आणि हा पण सुटला नाही. एका थंडीत टॉवरचा ताबा मिळायचा होता. एका थंडीत मिलिंदच्या फर्निचरचे सुतार आले, त्यांच्यावर लक्ष ठेवायला घरात माणूस पाहिजे. एका थंडीत नातीला सांभाळायला कोणी नाही. दरवेळी मला म्हणायचा, “पुढच्या थंडीत नक्की.” मी शिव्या घातल्या. म्हटलं, मेल्या, तुझी पुढची थंडी कोण बांधून देणार आहे? हसायचा. हसण्यावर नेलं की विषय संपला, अशी त्याची समजूत. मला त्याचा राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का नाही रागवायचं? जिवंत असताना तो काही उत्तर देत होता असं थोडंच आहे.

आणि तो टॉवर. ज्या जमिनीवर याच्या आज्यानं खोली घेतली, त्याच जमिनीवर उभा राह्यलेला, आणि त्यात याच्या सायकलीला जागा नाही. लिफ्टमध्ये न्यायची नाही, लादीवर डाग पडतात. पार्किंगमध्ये ठेवायची तर स्टिकर पाहिजे, आणि स्टिकर फक्त मोटारीला नाहीतर मोटरसायकलीला. यशवंत कमिटीपुढे जाऊन बोलला. सेक्रेटरी म्हणाला, “काका, आता आपण चाळीत नाही राहत.” तेव्हापासून सायकल पंपाच्या खोलीत, पाइपांच्या मागे, वॉचमनच्या मेहरबानीवर. तिथून तो ती आपल्या पाळीत रोज सकाळी चोरासारखी बाहेर काढायचा.

त्याच सेक्रेटरीनं पुण्यानुमोदनाच्या दिवशी माइक धरला. त्याच टॉवरच्या हॉलमध्ये, बुद्धाच्या तसबिरीखाली यशवंतचा फोटो, तोच कापलेला, छोटा करून. वंदना झाली, मग भाषणं. सेक्रेटरी म्हणाला, काका पर्यावरणप्रेमी होते, तरुणांना लाजवेल असा त्यांचा उत्साह, त्यांची सायकल ही आपल्या सोसायटीची शान होती. पुढे एक जण उठला, म्हणाला, पण या वयात एवढी दगदग शरीराला झेपत नाही, घरच्यांनी ज्येष्ठांकडे लक्ष द्यायला पाहिजे. म्हणजे सायकलनंच मारला. दुपारी जेवून आडवा झालेला माणूस उठला नाही, त्या दिवशी तो सायकलीवर बसलासुद्धा नव्हता, पण दोष तिचा.

कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, तुम्ही पण दोन शब्द बोला. मी उभा राह्यलो. बोलायचं बरंच होतं. पंपाच्या खोलीचं बोलायचं होतं. पण समोर यशवंतची बायको, सुमनवहिनी, पांढऱ्या साडीत खाली मान घालून बसलेल्या, त्यांच्यासमोर भांडण कसं काढायचं? मी एवढंच म्हटलं, “फोटोत जो हात आहे ना, तो माझा आहे.” आणि हात वर करून अंगठा दाखवला. लोकांना काही कळलं नाही. दोघं-तिघं हसले. मी बसलो.

जेवणं झाल्यावर मिलिंद जवळ आला. “काका, ती सायकल मी जिममधल्या एका मित्राला देतोय. पडून राहण्यापेक्षा वापरली जाईल.”

मी म्हटलं, “निम्मी दे. निम्मी माझी आहे.”

“काका, तुम्ही आता या वयात... बाबांचं काय झालं बघितलंत ना?”

मी काही बोलायच्या आधी आतून वहिनी बोलल्या. दिवसभरात पहिल्यांदा आवाज काढला असेल. “मिलिंद, पंपाच्या खोलीची चावी आण. भावोजींची सायकल त्यांना दे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “त्या रविवारी जेवायच्या आधी खाली गेले होते. मी म्हटलं, कशाला जाताय, भावोजी तर यायचे नाहीत. तर म्हणाले, आलोच.”

मी यायचा नव्हतो, हे त्याला माहीत होतं. शनिवारी गावाहून मीच फोन केला होता, आंब्याखाली उभा राहून, तिथेच रेंज येते. म्हटलं, अवकाळीनं भात भिजलंय, दोन-चार दिवस उशीर होईल, माझ्या पाळीतही तूच वापर. तो म्हणाला, “ये सावकाश. सायकल कुठे पळत नाही. आणि लंब्या, या थंडीत नक्की हां.” मी म्हटलं, “ऐकलंय.” आणि फोन ठेवला.

पंपाची खोली उघडली. ओल, मोटरचा आवाज, पाइपांच्या मागे सायकल. चेन पुसलेली. चाकात हवा टच्च. आणि सीट वर... माझ्या खुणेवर. रविवार होता ना. मी येणार नव्हतो, त्याला उद्या-परवा स्वतःलाच वापरायची होती, तरी बुटक्यानं सीट माझ्या मापावर करून ठेवली, मग वर जाऊन जेवला आणि आडवा झाला. पाळी पुरी करून दिली आणि गेला. साचा झाडून द्यायचा तसा. मला त्या खोलीत त्याचा इतका राग आला की मी पाइपाला धरून उभा राह्यलो. एवढ्या नेमानं सगळं करायचं होतं, तर ते एक का नाही केलं? महाड काय चंद्रावर होतं?

आता थंडी पडलीय. सकाळी सातरस्ता नाक्यावरून गिरगावकडे जाताना हाताला हँडल गार लागतं. चाळीतली पोरं म्हणतात, आबा, तुम्ही जा ना महाडला, यशवंतकाकांच्या आठवणीत, आपण व्हिडिओ काढू. मी जाणार नाही. मी त्या आळीतून सायकलवर गेलो तर त्यात काय आहे? माझ्या बापानं कधी वहाणा हातात घेतल्या नव्हत्या. ती घंटी वाजवायचा हक्क ज्याचा होता त्यानं ती किहीमच्या धुक्यात वाजवली, एका टपरीवाल्यानं आणि मी ऐकली. तेवढीच झाली. ती गोड मानून घ्या असं कोणी मला सांगू नये.

फ्लेक्स उतरला. आता त्या जागी कोणाच्या तरी वाढदिवसाचा लागलाय. सायकल माझ्या पॅसेजमध्ये असते. एक आठवडा मी ती कामावर नेतो. रविवारी संध्याकाळी चेन पुसतो, हवा भरतो, खटका उघडतो आणि सीट खाली करून त्याच्या खुणेवर घेतो. सून म्हणते, “बाबा, उगाच कशाला वरखाली करता?” मी खटका बंद करतो. पुढचा आठवडा मी बसनं जातो. रांगेत गुडघे दुखतात, दुखू देत. संध्याकाळी परत आलो की पॅसेजमध्ये सायकल तशीच उभी असते, सीट खाली, त्याच्या मापावर... त्याची पाळी चालू असते.